ईडीआयची जबाबदारी नक्की कुणाची: युजर डिपार्टमेंटची की आयटीची?

चाकणकर

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात आयटीत आहे. आमचा बराचसा माल जर्मनी आणि अमेरिकेला जातो. त्या गिऱ्हाइकांची शेड्यूल्स, म्हणजे कुठला पार्ट कधी किती हवा याची मागणी, ईडीआयने येतात, म्हणजे कागदाऐवजी एका सिस्टिममधून दुसऱ्या सिस्टिममध्ये ठरलेल्या साच्यातल्या फायलींनी. जर्मनीकडून डेल्फॉर नावाचा संदेश, अमेरिकेकडून ८३० आणि ८६२ नंबरचे. माल निघाला की आम्ही एएसएन (माल येतोय याची आगाऊ सूचना) पाठवतो, म्हणजे एकांना डेसॲडव्ह आणि दुसऱ्यांना ८५६, आणि मागून इन्व्हॉइस. आमच्याकडे सॅप (कारखान्याचा सगळा हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर) आहे, त्यामुळे हे सगळं आयडॉक म्हणून, म्हणजे सॅपच्या स्वतःच्या साच्यातला कागद म्हणून, उतरतं आणि आयडॉक म्हणूनच बाहेर पडतं.

माझी अडचण तांत्रिक नाही. शेड्यूल अडकलं की डिस्पॅचमधून फोन येतो, "ईडीआय बंद आहे." उघडून बघावं तर ईडीआय चालूच असतं. गिऱ्हाइकाने नवा पार्ट नंबर टाकलेला असतो आणि आमच्या शेड्युलिंग ॲग्रीमेंटमध्ये (सॅपमधली त्या गिऱ्हाइकाच्या पुरवठ्याच्या कराराची नोंद) तो कुणी घातलेलाच नसतो. तो मी कसा घालू? किंमत काय, पॅकिंग कुठलं, माल कुठल्या प्लँटमधून जाणार, यातलं मला काहीच माहीत नसतं. मग मी मार्केटिंगला मेल टाकतो, मार्केटिंग पीपीसीला (उत्पादनाचं नियोजन करणाऱ्यांना) टाकतं, पीपीसी म्हणतं हे मास्टर डेटाचं (पार्ट, गिऱ्हाईक यांच्या मूळ नोंदींचं) काम. मेलची साखळी वाढत जाते आणि तिकडे गिऱ्हाईक समजतं की शेड्यूल आम्हाला मिळालं, कारण आमच्या सिस्टिमने पोच आपोआप देऊन टाकलेली असते.

आता एमएमओजी/एलईचं (गाड्यांच्या धंद्यात पुरवठादाराच्या मालाच्या व्यवस्थापनाची तपासणी) ऑडिट जवळ आलंय. त्यात ईडीआयबद्दल थेट प्रश्न असतात. वरून निरोप आलाय की आयटी आणि युजर यांच्यात कामाची वाटणी लिहून द्या. कोरा कागद समोर आहे. तुमच्याकडे ही रेघ कुठे ओढली आहे?

शेड्यूलवाली

दादा, मी वाळूजला कस्टमर शेड्यूल बघते, म्हणजे तुम्ही ज्यांना "युजर" म्हणताय त्यातली. त्यामुळे आधी आमची बाजू.

आम्हाला आयटीकडून मेल येतो, विषय: "आयडॉक एरर ५१". खाली सोळा आकडी नंबर आणि सेगमेंटची (आयडॉकमधल्या नोंदींच्या ओळींची) लांबलचक रांग. त्यातून मला गिऱ्हाईक कोण, पार्ट कुठला, हेच कळत नाही. मी तो मेल बाजूला ठेवते, कारण तेवढ्यात गेटवर ट्रक उभा असतो. मग आयटीवाले म्हणतात युजर लक्ष देत नाहीत. त्याच मेलमध्ये "अमुक गिऱ्हाइकाच्या अमुक पार्टचं शेड्यूल घेतलं गेलं नाही, कारण हा पार्ट ॲग्रीमेंटमध्ये नाही" एवढं एक वाक्य असतं तर मी दहा मिनिटांत कामाला लागले असते.

दुसरं म्हणजे अधिकार. एरर दुरुस्त केल्यावर आयडॉक परत चालवायला सॅपमधली बीडी८७ ही कमांड लागते आणि ती आमच्या लॉगिनला दिलेली नसते. म्हणजे दुरुस्ती मी करायची आणि ती लागू व्हायला आयटीची वाट बघायची. जबाबदारी द्यायची असेल तर किल्लीही द्या.

जुना_मॅपर

चांगला धागा. मी व्हॅनच्या (ईडीआयच्या फायलींची ने-आण करणाऱ्या खाजगी नेटवर्कच्या) मेलबॉक्समधून फायली उचलण्याच्या काळापासून ईडीआयचं मॅपिंग (गिऱ्हाइकाच्या फायलीतले रकाने आपल्या सिस्टिमच्या रकान्यांना जोडणं) करतोय, सध्या हिंजवडीत सल्लागार आहे. या एका प्रश्नावर मी इतकी भांडणं बघितली आहेत की थोडं सविस्तर लिहितो.

चाकणकर, तुमच्या पोस्टमधली "पोच आपोआप जाते" ही ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे. ईडीआयमध्ये पोच एक नसते, तीन असतात, आणि कामाची वाटणी त्या तिन्हींच्या मधल्या फटींवर करायची.

पहिली पोच वाहतुकीची. इंटरनेटवरून फाइल पाठवायची एएस२ पद्धत वापरत असाल तर तिला एमडीएन म्हणतात. फाइल पूर्ण पोहोचली, वाटेत बदलली नाही, सही जुळली, इतकंच ती सांगते. आत डेल्फॉर आहे की कुणाच्या लग्नाची पत्रिका, याच्याशी तिला देणंघेणं नाही. ही पूर्णपणे आयटीची. सर्टिफिकेटची मुदत संपली, फायरवॉलचा आयपी बदलला, ओएफटीपी२ ची (फाइल पाठवायच्या दुसऱ्या पद्धतीची) लाइन पडली, यात युजरला ओढायचंच नाही.

दुसरी पोच व्याकरणाची. अमेरिकन एक्स१२ साच्यात ९९७, युरोपात चालणाऱ्या एडिफॅक्ट साच्यात कॉन्ट्रल. सेगमेंट क्रमाने आहेत, जिथे तारीख हवी तिथे तारीख आहे, आवश्यक रकाने भरलेत, एवढं ती तपासते. हीसुद्धा आयटीतल्या ईडीआय टीमची. तुमचं गिऱ्हाईक "मिळालं" म्हणून धरतंय ते या पोचेवर, आणि त्यात त्याची चूक नाही.

तिसरी पोच अर्थाची. एक्स१२ मध्ये ८२४, एडिफॅक्टमध्ये एपरॅक. हा पार्ट आम्ही ओळखतो, हा गोदामाचा कोड आमच्याकडे आहे, ही संख्या आम्हाला मान्य आहे, हे सांगायची सोय. खूप कंपन्या ती वापरतच नाहीत. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या पोचेच्या मधे जे काही पडतं त्याला वाली राहत नाही. तुमचा न घातलेला पार्ट नंबर नेमका तिथे पडलाय.

हेच सॅपच्या भाषेत बघा. आत येणाऱ्या प्रत्येक आयडॉकला स्थितीचा एक कोड लागतो. ५६ लागला तर बहुतेक वेळा पार्टनर प्रोफाइल (कुठल्या गिऱ्हाइकाशी कुठले कागद चालतात याची नोंद) सापडलेलं नसतं. ६० म्हणजे रचनेत चूक. दोन्ही आयटीचे. ६४ म्हणजे आयडॉक तयार आहे पण पुढे ढकलला गेला नाही, म्हणजे जॉब (ठरावीक वेळी आपोआप चालणारा प्रोग्रॅम) तपासा, तोही आयटीचाच. ५३ म्हणजे कागद बसला. आणि ५१ म्हणजे फाइल ठीक, रचना ठीक, पण तुमच्या धंद्याच्या नोंदींनी तिला आत घेतलं नाही. या ५१ चा मालक युजर डिपार्टमेंटमध्ये हवा, नावानिशी. "लॉजिस्टिक्स विभाग" असं लिहू नका, माणसाचं नाव लिहा आणि तो रजेवर असताना कोण तेही लिहा.

आणि शेड्यूलवाली ताईंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. एररचा अर्थ माणसाच्या भाषेत पोहोचवणं हे आयटीचं काम आहे. तेवढं केल्याशिवाय ५१ युजरकडे ढकलणं म्हणजे हात झटकणं.

चाकणकर

तीन पोचांची मांडणी एकदम पटली. पण सगळेच ५१ युजरचे म्हणायचे का? आमच्याकडे सकाळी बरेच ५१ असे असतात की परत चालवले की आपोआप ५३ होतात.

शेड्यूलवाली

ते लॉकचे. कुणीतरी तेच ॲग्रीमेंट उघडून बसलेलं असतं, त्याच वेळी आयडॉक आला की ५१. हे आमच्या गळ्यात मारू नका. ठरावीक वेळाने आपोआप परत चालवणारा जॉब लावा आणि त्यातूनही जे उरतील तेवढेच आम्हाला पाठवा. आमच्याकडे असं केल्यापासून यादी निम्म्याहून खाली आली, आणि यादी छोटी झाली की माणूस ती खरंच वाचतो.

आता मुद्द्याचं. एररपेक्षा मोठी जबाबदारी क्युमची असते आणि वाटणीच्या कागदावर ती हमखास राहून जाते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गाड्यांच्या धंद्यात गिऱ्हाईक नुसतं "या आठवड्यात पाचशे द्या" म्हणून थांबत नाही. ठरलेल्या दिवसापासून एकूण किती मिळाले आणि कुठल्या तारखेपर्यंत एकूण किती हवेत, असा चढता आकडा, म्हणजे क्युम, डेल्फॉरमध्ये असतो. बँकेच्या पासबुकासारखं आहे. दोन्हीकडे शिल्लक जुळली पाहिजे, आणि न जुळण्याचं कारण फक्त नोंदी बघून सापडतं.

समजा आमच्या हिशेबाने एकूण ४८,००० पाठवले. त्यांच्या शेड्यूलमध्ये मिळालेले ४१,००० दिसतात. फरक ७,०००. चलानं काढली तर समुद्रात ५,८०० आहेत. उरलेले १,२०० कुठे गेले? एखादी पेटी त्यांनी नाकारली असेल, गोदामात मोजताना चुकले असतील, किंवा आमचा एखादा एएसएन तिकडे बसलाच नसेल. पहिली दोन कारणं क्वालिटी आणि डिस्पॅचच्या फायलीत सापडतात, तिसरं आयटीच्या लॉगमध्ये. पण शोध सुरू कुणी करायचा? ज्याला १,२०० चा आकडा दिसतो त्याने, म्हणजे मी. आयटीला तो आकडा दिसतच नाही. त्यांच्या पडद्यावर सगळे आयडॉक हिरवे असतात. सगळं हिरवं असूनही दोन महिन्यांनी गिऱ्हाईक विमानाने माल मागवतं आणि भाडं आपल्या नावावर टाकतं.

म्हणून कागदावर स्वतंत्र ओळ टाका: दर आठवड्याला प्रत्येक पार्टचं क्युम जुळवणार कोण. हे युजरचं काम आहे, आणि मी युजर असून सांगतेय.

न्हावाशेवा

मी कस्टम्स ब्रोकरकडे आहे, जेएनपीटीच्या (न्हावा शेवा बंदराच्या) बाजूने बोलतो. कारखान्याचं भांडण आमच्यापर्यंत इन्व्हॉइस नंबरच्या रूपाने येतं.

निर्यातदाराकडे बऱ्याचदा दोन मालिका असतात. एक जीएसटीच्या टॅक्स इन्व्हॉइसची, दुसरी गिऱ्हाइकाला जाणाऱ्या एक्सपोर्ट इन्व्हॉइसची. ईडीआयने परदेशी गिऱ्हाइकाला एक नंबर जातो, आमच्या हातात शिपिंग बिलासाठी (कस्टम्सकडे भरायच्या निर्यातीच्या अर्जासाठी) कागद येतो त्यावर दुसरा. आइसगेटवर (कस्टम्सच्या पोर्टलवर) आम्ही हातातला भरतो. जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीच्या जीएसटी विवरणात) वेगळा गेला की एसबी००५ (इन्व्हॉइस नंबर जुळत नसल्याचा एरर) येतो आणि निर्यातीवर भरलेल्या आयजीएसटीचा परतावा अडकतो. जीएसटी आल्यानंतरच्या पहिल्या वर्षात या एका कारणाने किती निर्यातदारांचे पैसे अडकले होते ते आम्ही जवळून बघितलंय.

कारखान्यात विचारलं की आयटी म्हणते नंबर सिस्टिमने दिला, फायनान्स म्हणतं एक्सपोर्टने मालिका मागितली. कुठल्या कागदावर कुठला नंबर जाईल हा निर्णय फायनान्स आणि एक्सपोर्टने मिळून घ्यायचा आणि सही करून आयटीला द्यायचा. आयटीने तो स्वतःच्या मनाने घेऊ नये, कुणी कितीही घाई केली तरी.

ताईंच्या क्युमला जोडून एक. डिसेंबर २०२३ पासून लाल समुद्र टाळून युरोपची जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून जायला लागली तेव्हा प्रवास एकदम लांबला. ट्रान्झिटचे दिवस सिस्टिममध्ये जुनेच राहिले, तर शेड्यूल व्यवस्थित येऊनही उत्पादन उशिरा सुरू होणार. तो रकाना बदलायला कुठलाही एरर येत नाही. तो लॉजिस्टिक्सचा.

ताळेबंद

फायनान्समधून बोलते. ई-इन्व्हॉइसही शेवटी ईडीआयच आहे, फक्त समोर गिऱ्हाईक नसून सरकारचं पोर्टल आहे. १ ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटींच्या वरच्या उलाढालीपासून सुरुवात झाली आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वरचे सगळे त्यात आले. प्रत्येक टप्प्याला कंपन्यांनी हे काम आयटीकडे सोपवलं, कारण जेसन, एपीआय असे शब्द कानावर पडले.

प्रत्यक्षात बिलं कशावरून परत येतात? पिनकोड एका राज्याचा आणि जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) दुसऱ्या राज्याचा, एचएसएन (मालाच्या वर्गीकरणाचा कोड) चुकीचा, गिऱ्हाइकाची नोंदणी रद्द झालेली. म्हणजे कस्टमर मास्टर आणि आयटम मास्टर. आयटीचा माणूस यातलं काय दुरुस्त करणार?

वाटणी ठरवताना एक कायद्याची गोष्ट लक्षात घ्या. आयआरएन (पोर्टल बिलाला देतं तो क्रमांक) तयार झाल्यावर पोर्टलवर तो रद्द करायला २४ तासच मिळतात, आणि त्यावर ई-वे बिल चालू असेल तर तोही रस्ता बंद. त्यानंतर क्रेडिट नोट. म्हणजे चूक दिसल्यावर निर्णय घेणारा माणूस त्या २४ तासांत हजर पाहिजे. शनिवारी संध्याकाळी माल निघतो आणि फायनान्स सोमवारी येतं, तर कागदावर मालक फायनान्स असून उपयोग काय? आम्ही डिस्पॅचच्या शिफ्ट इनचार्जला रद्द करायचा अधिकार दिला आणि कुठल्या कारणांसाठी तो वापरायचा ते लिहून दिलं. फायनान्समधल्या काहींना हे रुचलं नव्हतं. माझं मत आजही तेच आहे: ज्याच्यासमोर ट्रक उभा आहे त्याला निर्णय घेता आला पाहिजे.

डेट्रॉइटकर

मी पलीकडच्या बाजूला आहे. मिशिगनमध्ये असेंब्ली प्लँटसाठी पुरवठादारांचे एएसएन बघतो, भारतातलेही.

तुमच्यातलं कोण आयटी आणि कोण लॉजिस्टिक्स याने आम्हाला फरक पडत नाही. आम्हाला एक फोन नंबर हवा असतो, जिथे उचलणाऱ्याला पार्ट नंबरही कळतो आणि ८५६ही कळतो. भारतातल्या पुरवठादारांकडे ही दोन माणसं जवळजवळ नेहमी वेगळी असतात आणि एकमेकांकडे बोट दाखवतात. ज्यांच्याकडे असा एक मधला माणूस आहे, त्यांचे प्रश्न एका फोनवर मिटतात.

एएसएनबद्दल: तो ट्रक गेटबाहेर पडताना निघाला पाहिजे. अनेक ठिकाणी दिवसभराचे एएसएन रात्री एका जॉबने जातात, कारण आयटीला ते सोयीचं. जवळच्या पुरवठादाराचा ट्रक तोवर आमच्या दारात आलेला असतो, आणि एएसएन नसताना आमचा रिसीव्हिंगवाला स्कॅन करतो तर काहीच सापडत नाही. पेटीवरच्या लेबलचा नंबर आणि एएसएनमधला नंबर वेगळे असले तरी हेच होतं. छापणारा प्रिंटर शॉपफ्लोअरवर, एएसएन सॅपमधून, आणि दोन्ही एकमेकांशी जुळतात की नाही हे बघणं कुणाच्याच कामात लिहिलेलं नसतं. ते पॅकिंगच्या सुपरवायझरच्या कामात लिहा.

सातपूरकर

आमचं सातपूरला छोटं युनिट आहे. आयटी डिपार्टमेंट नाहीच. गिऱ्हाइकाच्या वेब पोर्टलवरून शेड्यूल उतरवतो आणि एएसएन हाताने भरतो. एका मोठ्या गिऱ्हाइकासाठी मात्र बाहेरच्या एजन्सीकडून ईडीआय करून घेतलं. वाटणीचा प्रश्न आम्हालाही आला, फक्त आयटीच्या जागी एजन्सी.

एजन्सीचा जो मुलगा आमचं काम बघायचा, गिऱ्हाइकाच्या प्लँट कोडला आमचा कुठला शिप-टू (माल पोहोचवायचा पत्ता) लागतो हे फक्त त्यालाच माहीत होतं. तो नोकरी सोडून गेला आणि ती माहिती त्याच्याबरोबर गेली. तेव्हापासून तो तक्ता आमच्याकडे, माझ्या टेबलावर, साध्या एक्सेलमध्ये असतो. एजन्सीने त्यातून उचलायचं. छोट्यांना माझं एवढंच सांगणं आहे की मॅपिंग कुणाकडूनही करून घ्या, पण कुठल्या कोडचा अर्थ काय ते स्वतःकडे ठेवा.

जुना_मॅपर

सातपूरकरांचं म्हणणं मोठ्या कंपन्यांनाही तसंच्या तसं लागू आहे. मॅपिंगचे दोन भाग असतात. एक, या सेगमेंटमधला रकाना त्या फील्डमध्ये टाका. हा आयटीचा. दुसरा, गिऱ्हाईक "फर्म" (पक्की मागणी) म्हणतं ते आमच्याकडे फर्म धरायचं का, त्यांचा पीसीई (संख्येच्या एककाचा कोड) आमचा नग आहे की जोडी, डिलिव्हरीची तारीख म्हणजे माल निघायची की पोहोचायची. हे युजरने लिहून द्यायचं. प्रत्यक्षात हे सगळे निर्णय मॅपर एकटा, रात्री, गिऱ्हाइकाची इम्प्लिमेंटेशन गाइड (त्यांच्या फायली कशा असतात याची नियमावली) समोर ठेवून घेतो, कारण विचारायला कुणी नसतं. त्या गाइडची प्रत मार्केटिंगकडे करार करतानाच आलेली असते, पण ती आयटीकडे पोहोचते पहिलं शेड्यूल यायच्या आठवड्यात. करार करणाऱ्याने ती गाइड लॉजिस्टिक्सबरोबर बसून वाचल्याशिवाय सही करू नये, ही अट तुमच्या कागदात पहिली टाका, चाकणकर.

चाकणकर

सगळ्यांचे मनापासून आभार. आज डिस्पॅच, पीपीसी, फायनान्स आणि आम्ही एकत्र बसलो. ठरलं ते असं.

लाइन, सर्टिफिकेट, रचना, जॉब आणि पहिल्या दोन पोचा आयटीकडे. लॉकचे ५१ आपोआप परत चालतील. उरलेले ५१ गिऱ्हाईकनिहाय नेमलेल्या माणसाकडे जातील, मेलमध्ये गिऱ्हाईक, पार्ट आणि कारण साध्या मराठीत असेल, आणि बीडी८७ फक्त त्यांच्या गिऱ्हाइकांपुरतं देता येतंय का ते आम्ही तपासतोय. क्युम पीपीसीच्या ताई दर सोमवारी जुळवतील. कोडचा तक्ता लॉजिस्टिक्सकडे, बदल त्यांच्या सहीनेच. एएसएन गेट पासला जोडणार, रात्रीचा जॉब बंद.

मधल्या माणसाबद्दल वाद झाला. लॉजिस्टिक्स म्हणतं तो आयटीचा असावा, आमचे साहेब म्हणतात लॉजिस्टिक्सचा. मला वाटतं लॉजिस्टिक्सचाच हवा. सेगमेंट वाचायला काही आठवड्यांत शिकवता येतं, पण गिऱ्हाइकाचा स्वभाव आणि शेड्यूलची चढउतार कळायला वर्षं जातात. हे मी तसंच मांडलं, निर्णय पुढच्या बैठकीत.

तिसऱ्या पोचेबद्दल: आमचं एक गिऱ्हाईक एपरॅक घ्यायला तयार आहे. ती पाठवायला मंजुरी कुणाची असावी?

शेड्यूलवाली

५१ ज्याच्या नावावर आहे त्याचीच. पार्ट ओळखीचा नाही हे गिऱ्हाइकाला कळवण्याआधी तो खरंच आपला नाही ना, की नुसता घालायचा राहिलाय, हे त्यालाच ठाऊक असतं. सरसकट आपोआप पाठवू नका, नाहीतर आपल्याच राहिलेल्या कामासाठी गिऱ्हाइकाला नकार जाईल.

आणि एक राहिलं. प्रत्येक गिऱ्हाइकाचं क्युम कधी शून्य होतं ते विचारून घ्या. कुणाचं १ जानेवारीला होतं, कुणाचं मॉडेल इयर (गाडीच्या नव्या मॉडेलचं वर्ष) सुरू होताना, कुणाचं होतच नाही. आपलं मार्चएंड त्यांना लागू नाही. शून्य करायची तारीख पीपीसीने ठरवायची, सिस्टिममध्ये आयटीने करायची, आणि त्या दिवशी जहाजावर असलेला माल जुन्या आकड्यात धरायचा की नव्या, हे आधी गिऱ्हाइकाकडून लेखी घ्यायचं.

चाकणकर

हे आमच्या कागदात नव्हतं. जर्मनीच्या गिऱ्हाइकाला उद्याच मेल टाकायला पीपीसीला सांगतो.